डावीकडे ओढते

शुक्रवारी आईला फिजिओथेरपीहून घरी आणलं, गाडी फाटकाच्या आत लावली. उतरताना आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे."

"कुणीतरी कचरा जाळत असेल."

तिने नाक वर करून दोनदा हुंगलं. "कचऱ्याचा वास मला कळतो," म्हणाली आणि काठी टेकत आत गेली.

वास पुढच्या डाव्या चाकाचा होता. मी हात जवळ नेला तर इस्त्रीसारखी धग लागली. उजव्या चाकाला हात लावला, ते नुसतं कोमट.

खरं सांगतो, तरीही मी आत जाऊन झोपलो. पुढच्या फेरीला पाऊण तास होता आणि त्या पाऊण तासात मला चाक, गाडी, घर, काहीच नको होतं.

सहा आठवडे असंच चाललंय. सकाळी सातला ताईच्या छोटीला शाळेत सोडायचं. दहाला आईचा गुडघा, दिवसाआड. बाराला छोटीला परत आणायचं. दोनला मी गोदामात हजर, पॅकिंगला, आठ तास उभं राहून. सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी घरातल्या सगळ्यांना आठवतं की आपल्याला कुठेतरी जायचंय.

आधी या सगळ्या फेऱ्या बाबा करायचे.

बाबा एकतीस वर्षं बस चालवत होते. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली, जुनीच, पण जपली अशी की शेजारचे म्हणायचे, गाडीला पण अंघोळ घालता का काका. सहा आठवड्यांपूर्वी छोटीला शाळेतून आणताना फाटकातून आत वळले आणि गाडी डावीकडच्या खांबाला घासली. दिवा फुटला. छोटीचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, ओठातून रक्त आलं. दोन थेंब असतील. पण ताई तेव्हा नेमकी फाटकातच उभी होती.

"बाबा, ब्रेक कुठे होता तुमचा?"

"मी ब्रेक मारून सोडला होता. वळवत होतो. गाडीने सोडला नाही."

"गाडी काय स्वतःच्या मनाने ब्रेक धरून बसते?"

"सोडला होता गं मी."

"तुम्हाला वाटलं सोडला. बाबा, एकाहत्तर वय आहे."

तिने चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "आजपासून हा चालवेल." बाबांनी चपला काढल्या. आत जाऊन हात धुतले, बराच वेळ.

मी मध्ये पडलो नाही. मला वाटलं ताई बरोबर आहे. वय तर झालंच होतं.

आता कबूल करायची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं की गाडी डावीकडे ओढते. सिग्नलला ब्रेक मारून सोडला की स्टिअरिंग हातातून डावीकडे सरकायचं. मी काय केलं? उजव्या हाताने थोडं धरून ठेवायला लागलो. चार दिवसांत सवय झाली. थकलेल्या माणसाला कशाचीही सवय होते.

पण ती धग लागल्यावर दोन दिवस डोक्यातून जाईना. रविवारी सकाळी जॅक काढला.

मी कुठे शिकलेलो नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षात सुटलं. बाकी जे येतं ते व्हिडिओ बघून आणि हात काळे करून. ताई मला इंजिनियर म्हणते. ते कौतुक नसतं.

बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पेपर समोर, पण वाचत नव्हते. मी स्टँड लावायला वाकलो तेव्हा त्यांचा उजवा पाय दिसला. टाच जमिनीला टेकलेली, आणि चवडा खाली, वर. खाली, थांबायचा, वर. जसं काही पेडल आहे. हे मी आधी जेवणाच्या टेबलाखाली पण पाहिलं होतं. वाटलं होतं, म्हातारपणाचा चाळा असेल.

मी बघतोय हे त्यांना कळलं. पाय थांबला.

"काय झालं गाडीला?"

"काही नाही. बघतोय."

"ओढते ना?"

मी ऐकलं नाही असं केलं.

चाक काढायच्या आधी साधी परीक्षा केली. आत बसून ब्रेक दाबला, सोडला, खाली येऊन चाक हाताने फिरवलं. उजवं फिरलं. डावं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, नाहीच. मग चाक काढून कॅलिपरचा छोटा निपल, ऑइल सोडायचा पोकळ स्क्रू, अर्धा फेरा ढिला केला. कॅलिपर म्हणजे चाकाच्या तबकडीवर, डिस्कवर, पॅड दाबून धरतो तो लोखंडी चिमटा. निपलमधून ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि डिस्क सुटली, एका बोटाने फिरायला लागली.

म्हणजे चिमटा ठीक होता. आत दाब अडकून राहत होता. मग तो दाब अडवतो कोण, ते बघायला वर निघालो. लोखंडी पाइपला जिथे रबरी होज, म्हणजे लवचिक नळी, जोडलाय तिथला नट ढिला करून बघितला, परत ब्रेक मारून. तिथून सुटेना. चिमटा आणि लोखंडी पाइप यांच्या मध्ये एकच वस्तू उरली. वीतभर रबरी होज.

टॉर्च मारला.

प्रत्येक होजवर एक पांढरी रेघ छापलेली असते, लांबीला सरळ. बसवताना पीळ पडला की नाही हे कळावं म्हणून. उजव्या होजची रेघ सरळ होती. मागचे दोन्ही पाहिले, सरळ. डाव्या होजची रेघ वेलासारखी गुंडाळलेली होती, पूर्ण एक फेरा.

कोणी गाढवाने बसवलाय हा, असं मनात आलं. शब्द संपायच्या आत उत्तर पण आलं.

आठ महिन्यांपूर्वी ब्रेक पॅड मी बदलले होते. पहिल्यांदाच. फोन काढला, घरच्या ग्रुपवर मागे मागे गेलो. सापडला फोटो. मी उकिडवा बसलोय, अंगठा वर, दात काढून. खाली लिहिलंय, 'ब्रेक पॅड, घरच्या घरी!' आईची फुलं. ताईचं, 'वा इंजिनियर.' बाबांचा नुसता अंगठा.

आणि माझ्या अंगठ्याच्या मागे, फोटोत अगदी स्पष्ट, तो चार किलोचा चिमटा होजला लटकतोय. तारेने वर बांधायचा असतो. मी त्याला होजवर लोंबकळत ठेवून फोटो काढला, जेवायला गेलो, परत आलो आणि बसवताना नकळत त्याला एक पूर्ण फेरा दिला.

मी तिथेच फरशीवर बसलो. पाय लांब केले. डोकं दरवाजाला टेकलं. असं वाटत होतं की आत्ता इथेच झोप लागली तर बरं.

"चहा पाहिजे का रे?" आतून आई.

"नको."

होज काढला, लोखंडी पाइपच्या तोंडाला रबरी बूच लावलं. नवीन आणायला गाडीचं साल आणि मॉडेल लागणार, म्हणून कागद काढायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागदांच्या वर बाबांची वही होती.

ही वही म्हणजे आमच्या घरचा जुना विनोद. डेपोत ड्यूटी संपली की ड्रायव्हरने वहीत तक्रार लिहायची. तीन रकाने, तक्रार, दुरुस्ती, सही. दुरुस्तीच्या रकान्यात फिटरने लिहिल्याशिवाय ती बस दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर जायची नाही. बाबांनी हेच स्वतःच्या गाडीला लावलं. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, किलोमीटर. आम्ही हसायचो. ताई म्हणायची, तुम्हीच ड्रायव्हर, तुम्हीच साहेब, मग बदली कुणाची करणार?

उघडली कधी कुणी नव्हती. मी पण नाही.

आठ महिन्यांपूर्वीचं पान. दुरुस्ती: 'ब्रेक पॅड बदलले. मुलाने स्वतः. काम उत्तम.'

त्यानंतर दोन महिने काही नाही. मग तक्रारीच्या रकान्यात: 'ब्रेक मारल्यावर डावीकडे ओढते.' दुरुस्ती रिकामी. वीस दिवसांनी: 'डावीकडे ओढते. मुलाला सांगितले. टायरमध्ये हवा भरली. फरक नाही.'

खरंच सांगितलं होतं. आणि मी हवाच भरली होती, फोनवर बोलत बोलत.

पुढे अजून दोन, तेच शब्द. दुरुस्ती रिकामी, रिकामी.

शेवटची नोंद खांबाच्या दिवसाची. 'फाटकात वळताना ब्रेक सोडला. गाडीने सोडला नाही.' आणि खाली, वेगळ्या पेनाने, नंतर कधीतरी लिहिलेलं:

'किंवा माझा पाय.'

कागद घेतले. वही होती तशी ठेवली. ओट्यावरून जाताना बाबा म्हणाले, "लांब आहे का दुकान? मी येऊ?" मी म्हटलं, "नको, आलोच." त्यांच्याकडे बघितलं नाही.

गाडी स्टँडवर, म्हणून चालत गेलो. वीस मिनिटं.

पार्टच्या दुकानातले काका नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून बसतात. जुना होज काउंटरवर ठेवला तर त्यांनी उचलून बोटांनी वाकवला. "हा कुणी बसवला होता?"

"होता एक मेकॅनिक."

"त्याला सांग, कपडे पिळायला जा. तिथे नाव काढशील." त्यांनी कटर घेतला आणि होज उभा चिरला. "बघ. आतली साल सुटलीय. तुझ्या पायाचा जोर असतो म्हणून ऑइल पुढे जातं. परत यायला जोर नाही, ही साल मध्ये पडदा धरते. ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही. कुणाला लागलं नाही ना?"

"नाही. म्हणजे, लागलं थोडं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. नवीन होजची जोडी काउंटरवर ठेवली. "जोडीने बदल. एक नवा एक जुना ठेवू नको. आणि वॉशर नवेच लाव. तुझ्या त्या मेकॅनिकला हात लावू देऊ नको."

"नाही देणार."

येताना रस्ता जास्त लांब वाटला. हातात एवढीशी पिशवी, पण खांदे भरून आले होते. चालताना दोन वाक्यं जुळवत होतो. एक खरं. एक असं की 'होज जुना झाला होता, होतं असं'. दुसरं जास्त सोपं होतं आणि कुणी पकडलं पण नसतं. बाबांना चावी तरीही मिळाली असती कदाचित. पण कदाचितच. ताई म्हणाली असती, गाडीचं वय झालं आणि तुमचं पण. आणि ते 'किंवा' तसंच राहिलं असतं वहीत.

दोन्ही होज बसवले. रेघ तीनदा बघितली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, कुठे ताण येत नाही, टायरला घासत नाही. आता आतली हवा काढायची. या कामाला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक निपलवर. आईचा गुडघा तसला. ताई संध्याकाळी येणार.

"बाबा, जरा पेडलवर बसता का?"

ते लगेच उठले नाहीत. पेपरची घडी घातली. चार घड्या, बारीक. मग आले. ड्रायव्हर सीटवर बसताना दार हळू ओढून घेतलं, आवाज होऊ नये असं. सहा आठवड्यांनी बसत होते. सीट माझ्या मापाने मागे होती, ती पुढे घेतली. आरसा पण नीट केला. गाडी स्टँडवर, दोन चाकं बाहेर, आणि आरसा नीट करतायत.

मी खाली चाकापाशी आडवा. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये.

"दाबा."

"दाबलं."

निपल उघडला. बुडबुडे आले. बंद केला.

"सोडा."

"सोडलं."

"दाबा."

"दाबलं."

असं बारा-पंधरा वेळा. मध्ये उठून बॉनेटखालच्या डबीत ऑइल भरायचं, परत आडवं व्हायचं. पाठ मोडली होती. वरून येणारा आवाज मात्र एकसारखा, ड्यूटीवरचा. नळीत आता बुडबुडा येत नव्हता.

"दाबा. आणि धरून ठेवा."

"धरलंय."

निपल बंद केला. तिथून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, त्यांना माझा. नवी रेघ दिसत होती, सरळ.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही ब्रेक सोडला होता."

मी निपलवरचं ऑइल फडक्याने पुसलं.

"होज मी पिळून बसवला होता. पॅड बदलताना. तुमचा पाय बरोबर होता. आणि मी तो लटकवून पण ठेवला होता, फोटोत आहे. तुम्ही सांगितलं तेव्हा मी हवा भरली."

काही नाही. गल्लीतून एक सायकल गेली. आतून कुकरची शिट्टी झाली. मी पाना धरून पडून राहिलो. किती वेळ, कळलं नाही. मग वरून आवाज आला, जरा घोगरा.

"सोडू का?"

तेव्हा लक्षात आलं, मी 'सोडा' म्हणालोच नव्हतो. एवढा वेळ ते पेडल दाबून बसले होते. मी डिस्कला हात लावला. घट्ट. तसूभर हलत नव्हती.

"सोडा."

पेडल वर आलं. मी डिस्क फिरवली. फिरली, मोकळी, नुसत्या बोटाने.

"फिरतंय?"

"फिरतंय."

"परत बघ. दाबतोय." दाबलं. सोडलं. फिरलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मी न सांगता. मी प्रत्येक वेळी वर ऐकू जाईल असं म्हणत राहिलो, "फिरतंय."

दुसऱ्या बाजूची हवा काढताना आम्ही कामापुरतंच बोललो. चाकं चढवली. नट आवळताना ते शेजारी येऊन उभे राहिले.

"पाच वेळा लिहिलं होतं."

"मी आज वाचलं."

"वाचण्यासाठीच लिहितात."

एवढंच. पण त्यांनी आईला हाक मारून चहा सांगितला, आणि दोन कप म्हणाले.

पाचला ताई आली, छोटीला घेऊन. "काय इंजिनियर, आज गाडीखालीच मुक्काम? हात बघ, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे."

मी फोन तिच्यासमोर धरला.

"काय हे? तुझा दात काढलेला फोटो."

"अंगठ्याच्या मागे बघ."

सगळं सांगितलं. चिरलेला होज दाखवला. तिने त्या सुटलेल्या सालीत नख घालून बघितलं, उचललं, परत बसवलं, परत उचललं.

"म्हणजे गाडीने खरंच सोडला नव्हता."

"नाही."

"आणि हे तुझ्यामुळे."

"हो."

"मला ग्रुपवर 'वा' लिहायला लावलंस तू त्याला!" आवाज चढला आणि मध्येच तुटला. "मी काय काय बोलले रे त्यांना. शेजाऱ्यांसमोर."

"आपण सगळेच."

"तू गप्प बस. तू तर बोललास पण नाहीस." तिने डोळे पुसले, ओढणीला माझ्या हाताचा काळा डाग लागला होता तो बघितला, वैतागली. मग म्हणाली, "चावी दे त्यांना."

मी चावी पुढे केली. बाबांनी घेतली नाही.

"आधी वही."

कप्प्यातून वही काढली. पेन त्यांनीच दिलं. शेवटच्या नोंदीसमोर, दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं: 'पुढचा डावा होज माझ्याकडून पिळून बसला होता, आतून फाटला. पुढचे दोन्ही होज नवीन. हवा काढली.' सही केली. अक्षर घाणेरडं आलं. काळा अंगठा उमटला खाली.

बाबांनी वाचलं. 'किंवा माझा पाय' यावर एक रेघ मारली, पट्टी न घेता. मग चावी घेतली.

ताईने मागचं डावं दार उघडलं आणि आत बसली. छोटी त्या दिवशी बसली होती तिथे. छोटी धावली, "मी पण!" ताई म्हणाली, "तू थांब मामाजवळ." अजून तेवढा विश्वास नव्हता.

गाडी फाटकातून निघाली, अगदी हळू. मी पायरीवर बसलो. छोटी माझ्या शेजारी, ओठावरची खूण चाटत. "मामा, आजोबांना चावी दिली?"

"दिली."

"मग तुझी चावी?"

"माझी नव्हतीच."

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला तीन मिनिटं लागतात. दहा झाली. मी उठून फाटकापर्यंत गेलो, परत बसलो. माझ्या हाताने आवळलेला एकेक नट डोळ्यासमोर आला. मग गाडी वळणावर दिसली. फाटकापाशी वेग कमी झाला, ब्रेकने बॉनेट किंचित झुकलं, परत वर आलं, आणि गाडी दोन्ही खांबांच्या बरोबर मधून आत आली.

ताई उतरली. दार उघडंच ठेवलं. "ये," छोटीला म्हणाली, "आजोबांबरोबर एक चक्कर मार."

दुसऱ्या चकरेनंतर बाबा उतरले. वाकून डाव्या चाकाजवळ उलटा हात नेला, मग उजव्या. वहीत लिहिलं, 'चाचणी घेतली. ठीक.' वही मिटली आणि माझ्याकडे वळले.

"डेपोत फिटरची चूक निघाली की तीन दिवस त्याला पान्याला हात लावू द्यायचे नाहीत."

"बरं."

"स्टिअरिंगला पण नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार. छोटी, आई, सगळं मी बघतो."

"ही शिक्षा आहे का, बाबा?" ताई हसली, नाक ओढत.

"शिक्षाच आहे," बाबा म्हणाले. "तोंड बघ त्याचं. झोप तरी पूर्ण करेल."

सोमवारी सकाळी सातला सवयीने जाग आली. उठून बसलो, आठवलं, परत पडलो. अंग ठणकत होतं. बाहेर छोटीचा आवाज, दप्तर, दार. इंजिन सुरू झालं. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. फाटकापाशी गाडी थांबली, ब्रेक मारलेला. मग सोडला, आणि गाडी सरळ निघून गेली.